आधुनिक मानवाकृती आणि बोलकी रेषा

(मुक्ताईनगर येथे कलाशिक्षक, विद्यार्थी व रसिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तापी आणि पूर्णा यांच्या संगमाजवळच्या या परिसरात कोऱ्या कागदाची कथा घरोघरी ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास बसलेल्या चांगदेवांना मायना सुचेना. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावे, या विचारात कागद कोराच राहिला आणि तसाच धाडण्यात आला. चौदाशे वर्षे जगूनही चांगदेव कोरेच राहिले, असे मुक्ताबाई त्यावर म्हणाल्या आणि ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठविले, असे परंपरा सांगते. पूर्वीचे एदलाबाद आज जिच्या नावाने ओळखले जाते, त्या मुक्ताईच्या या कथेत चित्रकाराने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. चांगदेवांना लिहिता येत होते. कागद कोरा राहिला तो निर्णय होईना म्हणून. चित्रकाराच्या पुढ्यातील कागदाचेही असेच असते. पहिली रेषा हा पहिला निर्णय असतो आणि तो टाळला की कागद एक तर कोरा राहतो, किंवा खोडरबराने मळून जातो.

आजचा विषय आधुनिक चित्रकलेतील मानवाकृतीच्या रेखाटनाचा आणि त्यात रेषेला आलेल्या बोलकेपणाचा आहे. आधुनिक चित्रांतील माणसे पाहून सर्वसामान्य प्रेक्षक गोंधळतो. हात लांबलेले, मान ताठरलेली, डोळे कपाळाला भिडलेले असे चित्र पुढे आले, की “चित्रकाराला नीट काढता येत नाही काय?” हा प्रश्न ओठांवर येतो. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

रेषा म्हणजे काय?

निसर्गात रेषा नाही. माणसाच्या खांद्याभोवती कोणी रेघ ओढलेली नसते. उजेडात दिसणारी त्वचा एका ठिकाणी संपते आणि मागची भिंत सुरू होते, एवढेच डोळ्यांना दिसते. त्या सीमेवर रेघ ओढतो तो पाहणारा. म्हणजे रेषा ही मुळातच माणसाने केलेली निवड आहे. काय घ्यावे, काय सोडावे, कोठे थांबावे, हे सारे तीत आपोआप उमटते.

केळीचा घड खांद्यावर घेऊन बागेबाहेर येणारा मजूर डोळ्यांपुढे आणावा. त्याचे चित्र तीन प्रकारे काढता येईल. पहिल्या प्रकारात रेषा त्याच्या देहाची सीमा दाखवील. हा मनुष्य आहे व हा घड आहे, एवढे त्यातून कळेल. दुसऱ्या प्रकारात रेषा वजन दाखवील. घडाखालचा खांदा दबलेला, कंबर विरुद्ध बाजूस कललेली, ज्या पायावर भार आला आहे त्याची टाच जमिनीत रुतलेली, असे सर्व त्यात येईल. तिसऱ्या प्रकारात रेषा त्या श्रमाविषयी काही बोलू लागेल. मानेपासून टाचेपर्यंत एकच ताणलेली, जागोजागी जाड होणारी रेघ पाहताना आपलाही खांदा नकळत अवघडेल. या तिसऱ्या रेषेलाच बोलकी रेषा म्हणावयाचे.

तिचे बोलणे चार गोष्टींवर अवलंबून असते. हाताचा दाब, हाताचा वेग, रेषेची दिशा आणि तिच्यातील खंड. दाबून ओढलेली रेघ ठाम वाटते, हलकी रेघ संकोचते, वेगाने गेलेली रेघ उत्साह दाखविते आणि मध्येच तुटलेली रेघ उरलेला भाग पाहणाऱ्याच्या कल्पनेवर सोपविते. हस्ताक्षरावरून माणूस ओळखता येतो, त्याचप्रमाणे सरावलेल्या डोळ्याला रेषेवरून चित्रकार ओळखू येतो.

अजिंठ्याचा वारसा

ही समज आपल्याकडे परक्या देशातून आली, असे मानण्याचे कारण नाही. जळगावहून साठ-एक किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या भिंतींवर ती दीड हजार वर्षांपासून नांदत आहे. तेथील चित्रकारांनी माती, भुसा व वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात दिला, त्यावर गेरूसारख्या तांबूस रंगाने आकृत्यांची रेखाटने केली, मग रंग भरले आणि शेवटी पुन्हा गडद रेषेने आकृत्या पक्क्या केल्या. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीची भुवई, नाक आणि खांदा यांवरून जाणारी रेषा पाहावी. ती कोठे बारीक होते, कोठे भरते आणि तेवढ्यानेच चेहऱ्यावर करुणा उतरते. छायाप्रकाशाचे काम तेथे आहे, परंतु ते रेषेच्या मागून चालते. ‘विष्णुधर्मोत्तर’ पुराणाच्या ‘चित्रसूत्र’ या भागातही चित्रात जाणत्या आचार्यांना भावते ती रेषा, असे सांगितले आहे.

मुंबईत १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. तिचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करविल्या. त्यांतील बऱ्याचशा लंडनमधील आगीत नष्ट झाल्या, तरी १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रिफिथ्स यांच्या ग्रंथामुळे अजिंठ्याची रेषा अभ्यासकांपुढे राहिली. मात्र शाळेतील रोजचे शिक्षण युरोपीय पद्धतीचे होते. पुढे कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत जिवंत मॉडेलवरून नग्नाकृती रेखाटण्याचा वर्ग सुरू झाला. या शिक्षणाने शरीररचनेचे ज्ञान, प्रमाणाची जाण आणि छायाप्रकाशाची सफाई दिली. महाराष्ट्राच्या वास्तववादी चित्रपरंपरेची थोरवी त्यावरच उभी आहे. परंतु त्यात रेषेचे स्थान बांधकामातील परातीसारखे झाले. आधी रेषा घालावयाची, मग छटांनी ती झाकून टाकावयाची आणि इमारत उभी राहिली की परात काढून घ्यावयाची. रेषा स्वतःच इमारत होऊ शकते, ही गोष्ट काही काळ मागे पडली.

युरोपातील पालट

विशेष असे, की ज्या युरोपातून ही पद्धत आली, त्या युरोपातच विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्याविषयी फेरविचार सुरू झाला होता. शिल्पकार रोदँ आपल्या उत्तरायुष्यात मॉडेलवरची नजर न हटविता, कागदाकडे न पाहता रेखाटने करीत असे. डोळ्याने देहावरून फिरावे आणि हाताने त्याच क्षणी कागदावरून फिरावे, हा त्यामागील हेतू. व्हिएन्नातील एगॉन शीले हा वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १९१८ साली फ्ल्यूच्या साथीत मरण पावला. तो पेन्सिलीने भराभर रेखाटत असे, खोडत नसे, आणि रंग मागाहून, मॉडेल समोर नसताना भरीत असे. त्याच्या रेषेतील टोकदार सांधे आणि आखडलेली बोटे पाहताना त्या माणसांची अस्वस्थता थेट अंगावर येते.

याच्या अगदी उलट फ्रान्सच्या आन्री मातीसची रेषा. ती सलग, निवांत आणि जणू सहज ओघळलेली वाटते. पण त्या सहजतेमागील श्रम मातीसनेच नमूद करून ठेवले आहेत. केवळ रेषेत चित्र काढण्यापूर्वी तो त्याच विषयाचा कोळशाने कसून अभ्यास करीत असे. मॉडेलचा स्वभाव, चेहऱ्यावरचा भाव, भोवतालचा उजेड हे सारे मनात मुरले, की मगच तो लेखणी उचलीत असे. दोन मिनिटांच्या रेषेमागे कित्येक तासांची तयारी असे. आरंभीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

मुंबई, १९४७

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ च्या अखेरीस मुंबईत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन झाला. फ्रान्सिस न्यूटन सूझा, कृष्णाजी हौळाजी आरा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, सदानंद बाकरे आणि हरी अंबादास गाडे हे त्याचे पहिले सहा सभासद. रेषेच्या दृष्टीने त्यांत सर्वांत आधी नाव घ्यावे लागते ते सूझांचे.

सूझा यांचा जन्म १२ एप्रिल १९२४ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यात साळगाव येथे झाला. जन्मानंतर काही महिन्यांतच वडील वारले. आईने मुंबईत शिवणकाम करून संसार चालविला. बालपणी देवीच्या आजारातून मूल वाचले म्हणून तिने संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव मुलाला दिले. जे. जे. मध्ये शिकत असताना स्वातंत्र्य चळवळीतील सहभागामुळे १९४५ मध्ये त्यांना शाळा सोडावी लागली. १९४९ मध्ये ते लंडनला गेले. तेथील आरंभीची वर्षे अतिशय हलाखीची होती. १९५५ मध्ये ‘एन्काउंटर’ या मासिकात त्यांचा आत्मपर लेख प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी ‘गॅलरी वन’ मधील प्रदर्शन गाजले आणि त्यांचे नाव झाले. १९५९ मध्ये त्यांचे ‘वर्ड्स अँड लाइन्स’ हे पुस्तक निघाले. शब्द आणि रेषा ही दोन्ही त्यांच्या हातातील सारखीच धारदार साधने होती, हे त्या नावातच आले आहे. पुढे ते न्यूयॉर्कला गेले आणि २८ मार्च २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

सूझांची रेषा जाड, काळी आणि कोनदार आहे. चेहऱ्यावर डोळे फार वर, जवळजवळ कपाळात जातात. गालांवर आणि मानेवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी पडते. कोट-टाय घातलेल्या प्रतिष्ठित गृहस्थाच्या मानेत बाण रुतलेले दिसतात. संत सेबास्टियनच्या देहावरील ते बाण आता शहरातल्या माणसाच्या अंगात शिरलेले असतात. गोव्याच्या चर्चमधील प्रतिमा आणि भारतीय मंदिरशिल्पांतील भरदार देह या दोहोंचे संस्कार या रेषेवर आहेत. सूझांना सुंदर माणूस रंगवावयाचा नव्हता. ढोंग, भूक, वासना आणि भय यांनी आतून ओरखडलेला माणूस त्यांना दाखवावयाचा होता आणि त्यासाठी मऊ छटा निरुपयोगी होत्या. ओरखडा दाखवावयास ओरखड्यासारखीच रेषा हवी.

दोन वेगळ्या वाटा

त्याच गटातील हुसेन यांची रेषा निराळी. त्यांचा जन्म पंढरपूरचा. आषाढीला मुक्ताईची पालखी येथून ज्या गावी जाते, तेच हे गाव. मुंबईत उमेदवारीच्या काळात त्यांनी चित्रपटांचे भलेमोठे फलक रंगविले. बोटांनी किंवा मनगटाने काढलेली रेघ तेथे पुरी पडत नाही. खांद्यापासून सगळा हात फिरवावा लागतो आणि रेघ एका झटक्यात घ्यावी लागते. हा सराव हुसेन यांच्या घोड्यांत व माणसांत पुढे कायम दिसतो. १९४८ मध्ये दिल्लीत भरलेल्या प्रदर्शनात मथुरेची शिल्पे आणि बसोलीची लघुचित्रे पाहून ते भारावून गेले. मथुरेच्या शिल्पातील देहाचा त्रिभंग आणि लघुचित्रांतील सपाट, चमकदार रंग यांची सांगड त्यांनी आपल्या रेषेशी घातली. ‘जमीन’ या १९५५ मधील प्रसिद्ध चित्रात खेड्यातील जीवनाची दृश्ये शेजारीशेजारी येतात आणि रेषाच त्यांना बांधून ठेवते. सूझांची रेषा आरोप करते, तर हुसेन यांची रेषा चालते.

कट्टिंगेरी कृष्ण हेब्बर (१९११-१९९६) यांची वाट आणखी तिसरी. ते उडुपीजवळचे. जे. जे. मध्ये शिकले, तेथेच काही वर्षे शिकविले आणि मुंबईलाच त्यांनी कर्मभूमी मानले. लय शरीराने समजून घ्यावी म्हणून त्यांनी कथक नृत्याचे शिक्षण घेतले, ही गोष्ट चित्रकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. १९६४ मध्ये त्यांच्या रेखाटनांचे ‘द सिंगिंग लाइन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नर्तकी, वादक, श्रमिक यांच्या आकृती त्यांत मोजक्या वळणांत उभ्या राहतात. नर्तकीचे पाऊल कोठे आहे याहून ते कोठे पडणार आहे, हे ती रेषा सांगते.

घरोघरी पोहोचलेली रेषा

मुंबईच्या कलादालनांपर्यंत जाण्याची संधी फार थोड्यांना मिळते. पण मराठी वाचकाला बोलक्या रेषेची ओळख आणखी एका मार्गाने झाली. तो मार्ग म्हणजे मासिके व दिवाळी अंक. खिळ्यांच्या छपाईच्या काळात छटा असलेले चित्र छापण्यास हाफटोन ब्लॉक आणि गुळगुळीत कागद लागे. निव्वळ रेषेचे चित्र मात्र साध्या लाइन ब्लॉकवर, खरखरीत कागदावरही स्वच्छ उमटे. काटकसरीच्या या गरजेने कथाचित्रांत रेषेला मोठा वाव दिला. दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांची डौलदार रेषा आणि पेशाने स्थापत्य-अभियंता असलेल्या वसंत सरवटे (१९२७-२०१६) यांची तिरकस, मिस्कील रेषा गावोगावच्या वाचनालयांत पोहोचली. मराठी वाचक आधुनिक चित्रकलेला परका आहे, असे आपण समजतो, परंतु कथेच्या शिरोभागी चार रेघांत उभा राहिलेला मध्यमवर्गीय गृहस्थ त्याने केव्हाच ओळखला होता. तेथे नाक लांब का, असे त्याने विचारले नाही.

वाकडी की बोलकी?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. न जमल्यामुळे वाकडी झालेली आकृती आणि जाणून वाकविलेली आकृती यांत भेद कसा करावा? यासाठी तीन कसोट्या उपयोगी पडतात.

पहिली कसोटी हाडांची. हात कितीही लांबविला असला, तरी कोपर कोठे आहे व तो कोणत्या बाजूस वाकतो, हे रेषेला ठाऊक आहे काय? शीलेच्या बोटांचे सांधे विचित्र दिसतात, पण ते सांधेच असतात. वयाच्या सोळाव्या वर्षी तो व्हिएन्नाच्या कला अकादमीत दाखल झाला होता आणि तेथील कडक शिक्षणाशी भांडूनच बाहेर पडला, हे विसरता येत नाही. दुसरी कसोटी गरजेची. एखादी रेघ झाकून पाहावी. ती नसताना चित्राचे काहीच अडत नसेल, तर ती केवळ लकब आहे. तिसरी कसोटी एकवाक्यतेची. ज्या कारणासाठी डोळा वाकविला, त्याच कारणासाठी मानही वाकली आहे काय? सूझांच्या चेहऱ्यातील प्रत्येक बदल एकाच दिशेने ओढ घेतो. न जमलेल्या चित्रात चुका दहा दिशांना जातात.

तात्पर्य असे, की बोलकी रेषा ज्ञानाला सोडून जात नाही. ती ज्ञान पचवून, त्यावर निर्णयाची जबाबदारी घेऊन उभी राहते. ‘आधुनिक’ या नावाखाली सराव टाळणारा विद्यार्थी आणि ‘हुबेहूब’ या नावाखाली निर्णय टाळणारा विद्यार्थी, हे दोघेही शेवटी एकाच जागी येऊन अडतात.

शाळेतील कागद

या विवेचनाचा खरा संबंध शाळेच्या वर्गाशी आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांमुळे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील लाखो मुलामुलींच्या हाती पेन्सिल आली, हे त्या परीक्षांचे मोठेच कार्य होय. त्यांतील स्मरणचित्राच्या निमित्ताने विद्यार्थी मानवाकृतीकडे वळतो. परंतु बहुधा याच ठिकाणी तयार आकृत्या पाठ करण्याची सवय लागते. डोक्यावर हंडा घेतलेली स्त्री, बैलांमागचा शेतकरी, फुगेवाला हे सारे एकाच साच्यातून निघू लागतात. मुलाने आपल्या आईला पाणी भरताना हजारदा पाहिलेले असते आणि चित्रात मात्र ती कोणाच्या तरी पुस्तकातील स्त्री असते. हे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही. पण पाहण्याची शक्ती एकदा मंदावली, की ती पुन्हा जागी करणे कठीण जाते.

त्यावरचे उपाय खर्चाचे नाहीत. वर्गातील एका मुलाने समोर उभे राहावे आणि इतरांनी एका मिनिटात त्याची आकृती काढावी. दर मिनिटास पवित्रा बदलावा. आठवड्यातून एक दिवस पेन्सिलीऐवजी बॉलपेन वापरावे, म्हणजे खोडण्याचा प्रश्नच उरणार नाही. कागदाकडे न पाहता मित्राच्या चेहऱ्याची बाह्यरेषा काढावी. आकृती हास्यास्पद होईल, हरकत नाही, परंतु डोळा प्रथमच खरा चालेल. एस. टी. स्थानकावर बसलेली माणसे, कापूस वेचणाऱ्या बायांच्या वाकलेल्या पाठी, पालखीबरोबर निघालेले वारकरी, घरातील आजीचे हात, ही सर्व मॉडेल विनामूल्य उपलब्ध आहेत. आणि शिक्षकांनी एक पथ्य पाळावे. मुलाच्या रेषेवर आपली रेषा ओढून ती सुधारू नये. सांगावयाचे ते कागदाच्या कडेला स्वतंत्र काढून दाखवावे. मुलाची रेघ चुकली तरी ती त्याची असते. तिला हात लावला, की पुढची रेघ ओढण्यापूर्वी ते मूल शिक्षकाकडे पाहते आणि समोरच्या माणसाकडे पाहावयाचे राहून जाते.

तैलरंग, कॅनव्हास, मोठे कलादालन हे सगळे खर्चाचे आणि दूरचे मामले आहेत. रेषेचे तसे नाही. साध्या शिसाला आणि पाठकोऱ्या कागदाला ती सारखीच वश होते. धुळे जिल्ह्यातील गोंदूर या लहानशा गावी १९२५ मध्ये जन्मलेले शिल्पकार राम सुतार जे. जे. मध्ये शिकले, अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम त्यांनी केले आणि पुढे त्यांच्या हातून देशातील अतिभव्य पुतळे घडले. चाळीसगावच्या केकी मूस (१९१२-१९८९) यांनी त्या गावात राहूनच छायाचित्रणाची साधना केली. खानदेशच्या मातीत डोळस हातांची उणीव नाही, हे सिद्ध करण्यास अधिक पुराव्याची गरज नसावी.

या तालुक्यातील एखादी मुलगी उद्या बागेतून घड घेऊन येणाऱ्या आपल्या वडिलांचे चित्र काढावयास बसेल, तेव्हा तिला प्रमाण शिकविणारे कोणी हवे, आणि तिच्या वडिलांचा दबलेला खांदा तिने पुस्तकाप्रमाणे सरळ करू नये म्हणून तिच्या पाठीशी उभे राहणारेही कोणी हवे. कलाशिक्षकांवर ही दुहेरी जबाबदारी आहे आणि ती ते पार पाडतील, अशी अपेक्षा या प्रसंगी व्यक्त करणे उचित ठरेल.